आमची वाटचाल : लग्नपत्रिका, ब्लॅक बुक आणि मग पुस्तकं

आमच्या पाटीवर अजूनही 'डीटीपी, झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग' एवढंच लिहिलेलं आहे. पाटी बदलायचं दर पाडव्याला ठरतं आणि राहून जातं. त्यावाचून अडतही नाही, कारण पाटी बघून येतं ते झेरॉक्सचं गिऱ्हाईक. पुस्तक काढायचं असलेला माणूस कुणाच्या तरी सांगण्यावरून येतो. ठाण्यात नौपाड्याला, घंटाळीजवळच्या गल्लीत एक गाळा आणि त्याचा पोटमाळा, एवढा आमचा पसारा. खाली मशीन, वर संपादन. नव्या लेखकाचं हस्तलिखित घ्यायचं, त्याच्याबरोबर बसून त्यावर काम करायचं, पुस्तक छापून द्यायचं आणि ते वाचकाच्या हातात कसं पडेल ते बघायचं, हा आमचा व्यवसाय.

सुरुवात २००७ची. हे (माझे यजमान) वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात मशीनवर होते आणि मला श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टायपिंग यायचं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, मार्च-एप्रिलात कॉलेजच्या मुलांची ब्लॅक बुकं, म्हणजे काळ्या पुठ्ठ्यात बांधलेले प्रोजेक्ट रिपोर्ट. (सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याने ब्लॅक बुकं बांधून दिली आहेत, त्याला पुढे कुठल्याही मुदतीची भीती वाटत नाही.) अधूनमधून एखादे काका आत्मचरित्राच्या वह्या घेऊन यायचे. टायपिंगचे पैसे पानाच्या हिशेबाने. टायपिस्टने मजकुरात लक्ष घालू नये म्हणतात, पण दुसऱ्याच्या आयुष्याची शेकडो पानं आपल्या बोटांखालून गेली की लेखक कुठे दमलाय, कुठे साहेबांना खूश करतोय आणि कुठे खरं बोलतोय, हे कळायला लागतं. मी विचारायला लागले, "काका, बदलीच्या ऑर्डरवर चार पानं आणि आईवर दीडच ओळ?" काही काका वह्या उचलून निघून गेले. काही दुसऱ्या दिवशी नवी पानं लिहून घेऊन आले. संपादनाचं काम तिथून सुरू झालं.

२०१०च्या डिसेंबरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात भरलं, ८४वं. उत्तम कांबळे अध्यक्ष होते. मी भाषणांपेक्षा पुस्तकांच्या स्टॉलांपाशी जास्त रेंगाळले आणि लोक पुस्तक कसं उचलतात ते बघत राहिले. आधी मुखपृष्ठ. मग पुस्तक उलटं करून पाठराखण, म्हणजे मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर. मग मधलंच कुठलं तरी पान. शेवटी किंमत. प्रस्तावना वाचताना मला कोणी दिसलं नाही, मनोगत तर नाहीच. आणि आमच्याकडे येणाऱ्या लेखकांचा निम्मा जीव अडकलेला असायचा तो प्रस्तावना कोणाची घ्यायची यात!

त्यानंतर आम्ही पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारायला लागलो : हे कोण वाचणार? 'सगळ्यांनी वाचावं असं आहे' हे उत्तर आम्ही धरत नाही. बहुतेकांच्या हिशेबी प्रसिद्धी म्हणजे पुस्तक छापून आल्यावर करायची धावपळ. आमच्या अनुभवात ती हस्तलिखितावरच सुरू होते. वाचक ठरला की काय कापायचं ते ठरतं, आणि कापून जे उरतं तेच लोकांना सांगण्यासारखं असतं.

एक पुस्तक जरा सविस्तर सांगते. नवी मुंबईतल्या एका मूळ गावठाणातले काका, आगरी, सरकारी नोकरीत कारकून होते, निवृत्त झालेले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातली भातशेती, मिठागरं नव्या शहरासाठी संपादित होत गेली, तेव्हा ते शाळेत होते. १९८४च्या जानेवारीत जासईकडच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, तो त्यांच्या तरुणपणाचा काळ. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना, भूखंड, वाटण्या, सगळं घरात घडलेलं. म्हणजे मजकूर अस्सल. पण हस्तलिखिताचं पहिलं वाक्य असं : 'शासनामार्फत भूसंपादनाची प्रक्रिया राबविण्यात आल्यानंतर स्थानिक शेतकऱ्यांच्या जीवनमानावर दूरगामी परिणाम झाले.'

आयुष्यभर टिपणं लिहिलेल्या माणसाचं हे वाक्य. चूक काहीच नाही, आणि वाचणारं कोणीच नाही. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, जमीन गेली त्या वर्षी घरात काय झालं?"

ते थोडं थांबून म्हणाले, "बापूस रोज सांजच्याला उघाडीवर जायचा. बांधाची फळी नीट बसली का बघायला. खारं पाणी शेतात शिरलं तर भात जातो ना. जमीन गेली, पैसे आले, तरी जायचा. आय म्हणायची, आता कशाला जाताव? तर बोलायचा, भरती हाय आज. शेतात भात नव्हताच."

(उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं, फळी लावून पाणी अडवायचं दार.) मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि काकांना म्हटलं, आता लिहू नका, बोला. पुढचे काही शनिवार ते बोलत गेले, मी टाइप करत गेले. पुस्तक उघाडीपासून सुरू झालं. परिपत्रकांची पानं परिशिष्टात गेली, काही तिथूनही बाहेर गेली. काकांना ती सोडवत नव्हती. 'पुरावा आहे तो' म्हणायचे. मी म्हटलं, पुरावा कोर्टाला लागतो, वाचकाला तुमचा बापूस पुरतो.

या 'बापूस'वरूनच आमच्या मुद्रितशोधक बाईंशी खडाजंगी झाली. बाई निवृत्त शिक्षिका. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठराही नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, त्यांना तोंडपाठ. त्यांनी पहिल्या प्रुफात 'बापूस'चं 'वडील' केलं, 'आय'ची 'आई' केली. काका प्रूफ बघून गप्पच झाले. शेवटी बाईंनाच त्यांचे नियम दाखवले, कारण पात्राच्या तोंडी बोलण्यातली रूपं घालायची मोकळीक त्या नियमांतच आहे. तोडगा निघाला तो असा : निवेदन प्रमाण मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर, संवाद काकांच्या घरातले, आणि त्यांना बाईंनी लाल पेन लावायचं नाही. हा नियम आता आमच्याकडे सगळ्या पुस्तकांना आहे. मालवणी असो, अहिराणी असो, लेखकाने आधी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मग आम्ही हात लावायचा.

पाठराखण लिहिताना मोठी नावं शोधली नाहीत. फळी बघायला जाणाऱ्या बापाच्या पाच-सहा ओळीच मागे छापल्या. पहिली छपाई ३०० प्रतींची, डेमी आकार, ७० जीएसएम नॅचरल शेड कागद, पानं सोळाच्या पटीत बसवलेली, म्हणजे फर्मा (एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा ताव) वाया जात नाही. मग काकांच्या गावाच्या आसपासच्या गावांची यादी केली. हॉल घेतला नाही. देवळाच्या सभामंडपात, तरुण मंडळाच्या कार्यालयात, एका पतपेढीच्या वरच्या खोलीत काका बसायचे आणि पुस्तकातलं एकच प्रकरण वाचून दाखवायचे. भाषण नाही. वाचून झालं की म्हातारी माणसं स्वतःच्या आठवणी सांगायला लागायची आणि त्यांची नातवंडं मोबाइल काढून पुस्तकाचे पैसे भरायची. ज्यांनी शेतात कधी पाय ठेवला नाही, त्या मुलांनीच सगळ्यात जास्त प्रती घेतल्या. साखरपुड्यात आहेर म्हणूनही गेल्या. दुसरी छपाई करावी लागली, आणि काका हल्ली आम्हाला पाठराखणीवर सल्ले देतात.

सगळ्यांचं असं होत नाही. बऱ्याच लेखकांचं बजेट प्रकाशन समारंभात संपतं. हॉल, बॅनर, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांची गाडी, आणि पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं असेलच असं नाही. पाहुणे 'लेखकाचं हे पहिलंच पुस्तक असूनही' असं म्हणायला लागले की समजावं, पानं उघडलेली नाहीत. टाळ्या होतात, फोटो होतात, नातेवाइकांना प्रती भेट जातात आणि उरलेली खोकी पलंगाखाली जातात. त्याच पैशात हस्तलिखितावर आणखी एक हात फिरतो. समारंभ करू नका असं आम्ही म्हणत नाही, छापण्याआधीच हॉल बुक करू नका एवढंच म्हणतो. तारीख ठरली की प्रूफ घाईत वाचलं जातं, आणि नेमकं मुखपृष्ठावरच्या नावातली वेलांटी चुकते.

आयएसबीएनबद्दलही, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाबद्दलही, सांगायला हवं, कारण त्यापोटी लेखकांकडून काही हजार घेतल्याच्या गोष्टी आमच्या पोटमाळ्यावर फार ऐकल्या. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते, आणि तो मोफत असतो. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. अर्ज भरून द्यायची मेहनत म्हणून कोणी थोडे पैसे घेतले तर समजू शकतं, पण क्रमांकाची 'फी' अशी काही नसते. त्यावर पुस्तकाचा दर्जा ठरत नाही आणि कॉपीराइटही त्याने मिळत नाही. कॉपीराइट तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला, नोंदणी ऐच्छिक आहे. याउलट एक गोष्ट कायद्याने करायची असते आणि ती कोणी करत नाही. १९५४च्या पुस्तक वितरण कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. आम्ही हिशेबात त्या चार प्रती आधीच धरतो.

विक्रीचं गणित सरळ आहे आणि कडू आहे. वितरक ४० ते ५० टक्के कमिशन मागतो, पैसे सावकाश येतात. एका वितरकाकडून आमच्या प्रती परत आल्या त्या पावसात भिजून. त्यामुळे छोट्या छपाईच्या पुस्तकाला आम्ही थेट विक्री सुचवतो : शेवटच्या पानावर क्यूआर कोड, व्हॉट्सअॅपवर मागणी, पोस्टाने रवानगी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा टपालखर्चाचं कोष्टक नव्याने मांडावं लागलं. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. आणि ग्रंथालयं विसरू नका. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत, अ, ब, क, ड वर्गांची. अनुदानाचा हप्ता आला की खरेदी होते, तेव्हा ग्रंथपालांना भेटायचं ते पुस्तक हातात घेऊन. नुसत्या यादीवर कोणी घेत नाही. ठाण्यातल्या लेखकांना मी आधी मराठी ग्रंथ संग्रहालयात पाठवते. १८९३ पासूनची संस्था आहे. तिथल्या कपाटांसमोर दोन तास काढले की आपल्या विषयावर आधी कोण काय लिहून गेलंय ते कळतं, आणि 'या विषयावर मराठीत काहीच नाही' हे वाक्य मनोगतातून निघून जातं.

फेसबुकवरच्या लाइकवर माझा विश्वास नाही. पुस्तकातला तीन मिनिटांचा तुकडा लेखकाने स्वतःच्या आवाजात वाचून व्हॉट्सअॅपवर पाठवला तर मागण्या येतात, मुखपृष्ठाचा फोटो टाकला तर अभिनंदनं येतात. त्याहून जुना आणि खात्रीचा रस्ता दिवाळी अंकांचा. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, आणि अजूनही नव्या लेखकाला अनोळखी वाचक मिळतो तो तिथेच. मजकूर मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीला जायला हवा. गणपतीत पाठवलेलं कोणी उघडत नाही. पहिलं पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचीही चौकशी करावी. वेळ लागतो, पण परीक्षकांची नजर फिरून येते.

२०२० मध्ये छपाई बंद आणि लिहिणारे घरात, त्यामुळे त्यानंतरची दोन वर्षं हस्तलिखितांचा नुसता पूर आला होता. त्याच काळात पोटमाळ्यावरचं वाचन सुरू झालं, आधी ऑनलाइन, मग प्रत्यक्ष. महिन्यातल्या एका शनिवारी पाच-सहा लेखक जमतात, प्रत्येकाने दोन पानं वाचायची. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, लक्ष कुठे उडालं एवढंच सांगायचं. जीभ अडखळते तिथे वाक्य मोडायचं. कथेच्या शेवटी तात्पर्य आलं की चहाचे पैसे त्या लेखकाने द्यायचे. चहावाल्याचं यात बरं चाललंय. कवींना मात्र आम्ही हात जोडतो. कवितासंग्रह छापून देतो, संपादन करत नाही, कारण त्यात आमचं डोकं चालत नाही.

हल्ली काही हस्तलिखितं मोबाइलमधल्या एआयकडून 'सुधारून' येतात. पहिल्या पानावरच ओळखू येतात. परिच्छेद सगळे एका उंचीचे, रागावलेला माणूससुद्धा समजूतदार बोलतो. आम्ही लेखकाला मूळ कच्चं लिखाण आणायला सांगतो. ते जवळजवळ नेहमीच त्याहून बरं असतं.

आमच्याकडे हस्तलिखित पाठवायचं असेल तर सगळं पाठवू नका. पहिली तीस पानं, युनिकोडमध्ये टाइप केलेली. हाताने लिहिलेली असतील तर कागदाच्या एकाच बाजूला. प्रस्तावना, मनोगत, अर्पणपत्रिका नको. सोबत एक यादी हवी : हे पुस्तक पैसे देऊन घेतील असं तुम्हाला वाटतं अशा पन्नास माणसांची, नावं आणि ती का घेतील ते एका ओळीत. नातेवाईक आणि ऑफिसातले सोडून. पानांपेक्षा ही यादीच लोकांना जड जाते, पण ती आल्याशिवाय आम्ही पानं उघडत नाही. उत्तर महिनाभरात देतो. मार्च-एप्रिलात ब्लॅक बुकं असतात, तेव्हा थोडा उशीर होतो.