आंजर्ल्याच्या तोंडावर

वारा उठला की दापोलीजवळच्या हर्णै बंदरातल्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. हर्णैला आडोसा कमी, म्हणून. पण खाडीच्या तोंडावर गाळ आहे, आणि नव्या खलाशांना मी आधी तेच सांगतो: तिथे घाई नको.

पाण्याची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला ६, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अंदाजच तो, पण मोबाइलची रेंज गेली तरी चालतो. आत यायचं ते चढत्या पाण्यावर. रुतलात तरी पाणी वाढतंय, होडी उचलली जाईल. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, रुतलात तर बसा बिड्या ओढत. त्याहून वाईट म्हणजे सुकतीची ओढ बाहेर आणि वाऱ्याची लाट आत. दोन्ही भिडल्या की लाट उभी राहून फुटते आणि मागून येऊन होडी आडवी करते. अशा वेळी बाहेर खोल पाण्यात थांबा, भले मासळीचा भाव पडो.

आत उजवी बाजू धरायची. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. रात्री होडीच्या डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. नुसती बॅटरी हलवून भागत नाही. लाइफ जॅकेट उशाला घेणारे महाभागही आहेत! गडबड झालीच तर व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा दिव्यांच्या वायरी सोलून बघा. खाऱ्या हवेत तांबं आतून हिरवं पडतं, वरून वायर धडधाकट दिसते.