तुम्ही विचारलंत म्हणून: मुली का जातात?

मी गोव्यात चोवीस वर्षं सिस्टर इन्चार्ज होते हे कळलं की लग्नात, देवळात, कदंबच्या बसमध्येसुद्धा हाच प्रश्न येतो: "सिस्टर, नर्सिंग शिकलेल्या मुली दोन वर्षांत नोकरी का सोडतात? पगार वाढवला तर थांबतील ना?"

पगार हवाच. 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत, ही केंद्राच्या समितीची शिफारस 2016 ची आहे. किती ठिकाणी मिळतात, ते त्या मुलींनाच विचारा. पण बरा पगार असूनही गेलेली एक मुलगी माझ्या मनातून जात नाही.

वाळपईकडची. आयसीयूत तिचा हात असा बसलेला की व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की डॉक्टरही आधी तिच्याकडे बघायचे. दुपारची ड्यूटी आठला संपायची, पण रात्रीला एक नर्स कायम कमी. मग ओव्हर, म्हणजे पुढच्या नर्सला पेशंट समजावून सोपवणं, लांबायचा आणि हिची शेवटची बस चुकायची. एका पावसाळी रात्री ती चेंजिंग रूमच्या बाकावर बसली होती, ओले बूट पायाशी, फोनवर वडिलांना सांगत होती, "बाबा, स्कूटर काढू नका, रस्त्यावर पाणी आहे." त्या महिन्यातली ती चौथी वेळ. गाडी द्या, नाहीतर तिला वेळेवर सोडा, असं मी वर लिहून दिलं. उत्तर आलं, "अडचणी सगळ्यांनाच असतात." तीन महिन्यांनी तिचा राजीनामा आला. आता ती आखातात आहे. जगात 2023 साली 58 लाख नर्स कमी होत्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा मुलीला बाहेर कोण नाही म्हणणार? तिच्या जागी दोघी नवीन आल्या. एकट्या त्यांच्या हाती पेशंट सोपवायला मला सहा महिने लागले.

ती गेल्यावर मी वॉर्डात एक वही ठेवली. कुणाला कधी सुट्टी हवी, कुणाची बस किती वाजता, कुणाचं बाळ लहान, सगळं त्यात लिहायचं आणि ड्यूटी लिस्ट वहीवरून लावायची, महिनाभर आधी. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला हिंदू मुली घरी जायच्या, ख्रिस्ती मुली वॉर्ड सांभाळायच्या. नाताळला उलट. हे त्यांनीच आपसात ठरवलं, मला सांगावं लागलं नाही. पुढच्या दोन वर्षांत माझ्या वॉर्डातून एकच मुलगी गेली, तीही लग्न होऊन पुण्याला.

वहीला खर्च आला पंचवीस रुपये. गाडी मात्र मी निवृत्त होईपर्यंत मिळाली नाही.