वद्य तृतीयेची ओहोटी: अलिबागहून कुलाबा किल्ल्यात पायी

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल, तर मुक्कामाची जागा ठरवण्याआधी पंचांग उघडावे. शिवाजी महाराजांच्या काळात, १६८० मध्ये, बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झालेला हा किल्ला भरतीला चहूबाजूंनी पाण्यात असतो आणि ओहोटीला त्याची वाट उघडी पडते. ती वाट केव्हा उघडेल, हे तिथीवरून कळते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यापासून सव्वासहा तासांवर ओहोटी येते. आम्ही पौष वद्य तृतीयेला गेलो, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला आणि ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून पाण्याची वेळही रोज तेवढीच पुढे सरकते. या हिशेबात अर्ध्या-एक तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहिल्याशिवाय निघू नये.

दिवस निवडताना मात्र केवळ वेळ पाहून चालत नाही. अष्टमीला भर दुपारी ओहोटी असल्यामुळे तो दिवस सोयीचा वाटतो. परंतु त्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकमेकींशी काटकोनात असते, भांगाचे, म्हणजे कमी चढउताराच्या या दिवसांतले, पाणी फारसे ओसरत नाही आणि वाटेत पाणी राहते. पौर्णिमा-अमावास्येला दोघांची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते व पाणी खूप मागे हटते, पण तेव्हाची ओहोटी पहाटे आणि सायंकाळी सहाच्या आसपास असते, म्हणजे अंधाराच्या कडेला. उधाणाचा जोर एक-दोन दिवस टिकतो, म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस मला सर्वांत योग्य वाटतात.

सव्वासातला, पाणी अजून उतरत असताना, आम्ही निघालो. ओली वाळू आणि शेवाळलेले खडक यांवरून चालताना पायांत पट्ट्याची चप्पल हवी, कारण खडकांवरच्या कालवांच्या कडा पाय कापतात. किल्ल्यातील गणेश मंदिर आणि गोड्या पाण्याचा साठा पाहण्यात आम्ही रमलो, आणि तेथेच चुकलो. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी एकूण चढउताराच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याने वाढते, त्यामुळे समुद्र स्थिर आहे असे वाटते. दुसऱ्या तासात दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मी भरती होते. उधाणाच्या दिवसांत येथील चढउतार चार मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तिसऱ्या तासात पाणी मीटरभर चढते. आम्ही पावणेदहाला निघालो, तेव्हा येताना कोरड्या असलेल्या खोलगट जागेत पाणी गुडघ्याला लागले आणि मुलांना कडेवर घ्यावे लागले.

मालवणकडे हा चढउतार सुमारे निम्म्यावर येतो, त्यामुळे तेथील अंदाज येथे लावू नये. पावसाळ्यात, लाटांचा जोर असताना, पायी जाण्याचा विचारच करू नये. इतर दिवसांत परतीची वेळ आधीच ठरवावी: ओहोटीची वेळ टळण्यापूर्वी किल्ल्याबाहेर पडावे, आणि घोडागाड्या किनाऱ्याकडे वळू लागलेल्या दिसल्या, तर पाहायचे राहिलेले सोडून त्यांच्यामागोमाग चालू लागावे.