सात शहरांची नावे ल्यालेल्या इटालियन क्रूझर

मी सध्या राहतो ते त्रिएस्ते हे बंदर पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. ते मिळाल्याचा अभिमान इटलीने आपल्या आरमारातही मिरवला. युद्धनौकांच्या आकारावर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारानंतर इटलीने २०३ मिलिमीटर तोफांच्या ज्या सात जड क्रूझर, म्हणजे मोठ्या वेगवान युद्धनौका, बांधल्या, त्यांना त्रेंतो, त्रिएस्ते, झारा, फ्यूमे, पोला, गोरित्सिया आणि बोल्झानो अशी नावे दिली गेली. ही सातही शहरे त्या पडलेल्या साम्राज्यातून इटलीकडे आली होती. त्यांपैकी त्रिएस्ते आणि फ्यूमे या नौका इथल्याच गोदीत बांधल्या गेल्या, आणि बांधणारी कंपनीही पूर्वी ऑस्ट्रियाच्या आरमारासाठी युद्धनौका बांधणारीच होती.

पहिल्या दोन नौकांमध्ये, म्हणजे त्रेंतो आणि त्रिएस्तेमध्ये, ३५ नॉटच्या (ताशी सुमारे ६५ किलोमीटर) वेगासाठी चिलखताचा बळी दिला गेला. त्यांच्या बाजूंवर जेमतेम ७० मिलिमीटर पोलाद होते. झारा वर्गाच्या चार नौकांना १५० मिलिमीटरचे चिलखत मिळाले, मात्र त्यासाठी करारातली १०,००० टनांची मर्यादा गुपचूप ओलांडावी लागली. माझ्या मते इटलीने बांधलेल्या क्रूझरांमध्ये या सर्वांत विचारपूर्वक घडवलेल्या होत्या.

त्याच वर्गातल्या तीन नौका एका रात्रीत बुडाल्या. २८ मार्च १९४१ रोजी संध्याकाळी ग्रीसच्या दक्षिणेस, मातापान भूशिराजवळ, ब्रिटिश विमानाचा पाणतीर लागून पोला जागीच थांबली. तिच्या मदतीसाठी अॅडमिरल कार्लो कात्तानेओ झारा, फ्यूमे आणि चार विनाशिका घेऊन अंधारात माघारी फिरले. इटालियन नौकांवर रडार नव्हते, आणि मोठ्या तोफांनी रात्री लढण्याची तयारीही त्या आरमाराने केलेली नव्हती. ब्रिटिशांच्या तीन बॅटलशिपनी सुमारे साडेतीन किलोमीटरवरून गोळीबार सुरू केला, तेव्हा उत्तर देण्याची संधीच उरली नाही. तिन्ही क्रूझर आणि दोन विनाशिका गेल्या, कात्तानेओंसह सुमारे २,३०० माणसे मेली. ब्रिटिशांनी शेकडो जणांना पाण्यातून बाहेर काढले आणि हवाई हल्ल्याच्या भीतीने निघताना उरलेल्यांचे ठिकाण इटलीला कळवले. त्यानंतर ग्रादिस्का हे रुग्णालय-जहाज तिथे पोहोचले. युद्धात असे घडले, हे मला फार मोलाचे वाटते.

पुढे १९४७ च्या पॅरिस तहाने झारा, फ्यूमे आणि पोला ही शहरेही इटलीच्या हातून गेली. आज ती झादर, रिएका आणि पुला या नावांनी क्रोएशियात आहेत. उरलेल्या चार नौकांपैकीही एकही युद्धानंतर सेवेत राहिली नाही: त्रेंतो १९४२ मध्ये बुडाली, त्रिएस्ते १९४३ मध्ये सार्डिनियाजवळच्या ला माद्दालेना येथे अमेरिकी बॉम्बफेकीत गेली, तर बोल्झानो आणि गोरित्सिया यांची अखेर ला स्पेत्सिया बंदरात झाली. त्रिएस्ते हे नाव मात्र इटालियन नौदलाने डिसेंबर २०२४ मध्ये सेवेत दाखल झालेल्या, हेलिकॉप्टर वाहून नेणाऱ्या नव्या मोठ्या युद्धनौकेला पुन्हा दिले आहे.