लाल पानांचा छडा लागेपर्यंत

काढणीला तीनेक आठवडे असताना आमच्या काळ्या द्राक्षांच्या काही वेली लाल पडल्या. ओलांड्याजवळची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीजवळची, जुनी पानं आधी लाल आणि शेंडा हिरवागार. मॅग्नेशियम कमी पडलंय, असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि दोन हंगाम मॅग्नेशियम सल्फेट फवारत बसलो. फरक शून्य.

खरी शंका आली ती गोडी मोजताना. एकाच ओळीत हिरव्या वेलीचा मणी 22 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दाखवायचा, शेजारच्या लाल वेलीचा 18 च्या पुढे सरकायला तयार नाही. मग एक पान खुडून उन्हात धरलं. कडा खाली वळलेल्या, पालथ्या द्रोणासारख्या. शिरांमधला भाग जांभळट लाल, शिरा मात्र हिरव्याच. मॅग्नेशियमच्या कमतरतेत कडा अशा वळत नाहीत. दोन वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं!

आता शंका होती लीफरोलची, म्हणजे पानं वळवणाऱ्या विषाणूची. तपासणीसाठी पहिल्यांदा शेंड्याची कोवळी, टवटवीत पानं पाठवली. अहवाल निगेटिव्ह आला आणि मी निर्धास्त झालो. पण लक्षणांचं वर्णन वाचून प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोन केला. "पानं शेंड्याची पाठवलीत ना तुम्ही?" हा विषाणू वेलीच्या अन्नवाहिन्यांत असतो आणि वेलभर सारखा पसरलेला नसतो. म्हणून काढणीच्या सुमारास खालच्या जून पानांचे देठ घ्यायचे, तेही वेलीच्या सगळ्या बाजूंनी. तसे पाठवले, तेव्हा एलायझा आणि पीसीआर या विषाणू शोधणाऱ्या दोन्ही चाचण्यांत लीफरोल-3, म्हणजे त्याचाच एक प्रकार, निघाला. रेड ब्लॉचही तपासून घेतला होता. 2012 मध्ये ओळख पटलेला हा विषाणू, त्यात शिरासुद्धा लाल होतात. तो नव्हता.

उभ्या बागेला यावर औषध नाही. उष्णता देऊन आणि शेंड्याचा सूक्ष्म कोंब वाढवून विषाणूमुक्त रोप करता येतं, पण ते मातृवेलींसाठी, म्हणजे ज्यांच्या काड्यांपासून रोपं करतात त्यांच्यासाठी, प्रयोगशाळेत. आपल्या हातात कुऱ्हाड.

उपटण्याआधी प्रत्येक लाल वेलीला फीत बांधली आणि वहीत ओळवार खुणा केल्या. हे काम कंटाळवाणं, पण सगळं त्यातूनच उलगडलं. नव्या तुकड्यात खुणा इकडेतिकडे विखुरलेल्या होत्या, म्हणजे रोग लागवडीबरोबरच आला. जुन्या तुकड्यात मात्र एका ओळीत सलग पाच, सलग सात. तिथे खोडाची सैल साल चाकूने उचकली तर आत कापसासारखा पांढरा थर, त्यात गुलाबी पिठ्या ढेकूण (वेलीचा रस शोषणारी कीड) आणि त्यांच्या मागे मुंग्यांची रांग. विषाणू पसरवणारे हे ढेकूणच.

आणि नव्या तुकड्याच्या कलमकाड्या कुठून आल्या? जुन्या तुकड्यातून, मीच कापलेल्या. पानगळीनंतर काडीवर काहीच दिसत नाही. खुंटावरही, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या मुळाच्या वेलीवरही, बहुधा लक्षणं उमटत नाहीत. दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. वर हंगामभर मी छाटणीची कात्री दर वेलीला जंतुनाशकात बुडवत होतो, आणि हा विषाणू कात्रीने पसरतच नाही! हसावं की रडावं.

काढणी उरकल्यावर लाल वेली कापल्या, ताज्या कापावर लगेच तणनाशक लावलं आणि मग मुळं खणून काढली. जमिनीत राहिलेल्या जिवंत मुळांत विषाणू टिकतो आणि पिठ्या ढेकूणही त्यांवर जगतो. नवी वेल तिथे लगेच लावली की पुन्हा तेच, म्हणून ती जागा मोकळी ठेवली. सलग लाल ओळींत दोन्ही बाजूंच्या हिरव्या वेलीही काढल्या. तिथे मन अडलं. घरात वादही झाला. निरोगी दिसणारी, घडांनी लगडणारी वेल काढायची म्हणजे काय! पण लागण झाल्यावर पानं लाल व्हायला वर्ष सहज जातं.

पांढऱ्या द्राक्षांचा तुकडा हा वेगळाच ताप. तिथे पानं लाल होत नाहीत, फार तर पिवळट पडतात. तिथे डोळ्यांवर विसंबता येत नाही, नमुनेच पाठवावे लागतात.

आता मुंग्या आणि पिठ्या ढेकूण यांच्यावर वर्षभर नजर असते. कामाची माणसं आधी स्वच्छ तुकड्यात जातात आणि बाधित तुकड्यात शेवटी, कारण ढेकणांची पिल्लं कपड्यांवरूनही जातात. नवी रोपं तपासणीचा दाखला पाहूनच घेतो. पहिल्या वर्षी फितीचं रीळ मधेच संपलं, दुसरं आणावं लागलं. यंदा अकरा वेलींना फिती बांधल्या.