सराव-नोंद: ब्लरवर भिस्त नको

सध्या फोटो-व्हिडिओची फ्रेम उलट्या क्रमाने लावतोय. आधी बॅकग्राउंड पक्कं करायचं, मग माणसाला त्याच्यापुढे उभं करायचं.

एफ १.८ लावलं (लेन्सचं छिद्र मोठं उघडलं) की मागचा पसारा गायब, हा समज आता पुरता गेला. तपशील विरघळतो, पण उजेड आणि रंग तिथेच राहतात. डोक्यामागचा पेटता दिवा ब्लरमध्ये फुगून मोठी चकती होतो आणि नजर आधी तिकडेच जाते. म्हणून कॅमेऱ्याची स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइटवर ठेवतो. चेहऱ्यापेक्षा उजळ काही मागे असलं की लगेच टोचतं. (भडक लाल पाटी मात्र यात सुटते, तिच्यासाठी रंगीत स्क्रीनच हवी.)

खरा फरक पडला तो चालण्याने. २४ मिमीच्या रुंद दृश्याच्या लेन्सवरून ८५ मिमीच्या अरुंद दृश्याच्या लेन्सवर गेलो आणि चेहरा तेवढाच राहील इतका मागे सरकलो. भिंत, खिडकी, कुंडी, सायकल यांतली एकटी खिडकी उरली. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीला आडवे सुमारे ७४ अंश मावतात, ८५ ला जेमतेम २४. उरलेली वस्तू मात्र मोठी दिसते, तेव्हा ती बघण्यासारखी हवी.

डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) वाल्यांनो, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, लेन्स पूर्ण उघडी असतानाचं चित्र दाखवतो. तिथे मऊ वाटणारी फांदी एफ ८ च्या (छिद्र लहान केलेल्या) फोटोत करकरीत उमटते. फोटोत किती भाग स्पष्ट येईल ते आधीच दाखवणारं डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण असेल तर दाबून बघा.

व्हिडिओचं दुखणं वेगळं. माणूस पाऊलभर सरकला की बाजूचा खांब थेट डोक्यातून उगवतो. त्यामुळे कॅमेऱ्याची पूर्ण हालचाल आधी माणसाविना रेकॉर्ड करतो. रिकाम्या फ्रेममध्ये फिरता पंखा, चालू टीव्ही, हलणारा पडदा असं सगळं पटकन दिसतं. मागच्या दिव्यांचे पट्टे सरकत असतील तर शटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीशी जुळवायचा: ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० ला १/६०.

आता उजेडाचा सराव. छोटा, उघडा दिवा माणसापासून १ मीटरवर आणि भिंत त्या दिव्यापासून २ मीटरवर असेल, तर भिंतीवर पाव उजेड पडतो, म्हणजे २ स्टॉप कमी (दर स्टॉपला उजेड निम्मा). भिंत ४ मीटरवर गेली की ४ स्टॉप. खोली लहान असल्याने दिवा माणसाच्या आणखी जवळ आणून तेच गुणोत्तर जमतंय का, ते बघतोय.