तुम्ही विचारलंत म्हणून: गोदावरीच्या पुरावर मोठी वीज का होत नाही?

गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात. तिच्या कमरेला पाणी लागलं की नाशकात हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या जोडीला शेतकऱ्यांचा दुसरा: धरण भरलं तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेताला पाणी का पोचत नाही? दोन्हींचं उत्तर उतारात आहे.

वीज नुसत्या पाण्यावर होत नाही, ते किती उंचावरून पडतं यावर होते. सेकंदाला १ घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ क्युसेक (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) पाणी १० मीटरवरून टर्बाइनवर सोडलं, तर मिळतात जेमतेम ८०-८५ किलोवॉट. गोदावरी त्र्यंबकहून पूर्वेला वळते आणि लगेच कमी उताराच्या पठारावर येते. वैतरणा त्याच डोंगरांतून निघते, पण पश्चिमेला कोकणात उतरते. म्हणून अप्पर वैतरणेच्या पाण्यावर ६० मेगावॉटचं वीजघर चालतं, आणि वीज करून झाल्यावर तेच पाणी मुंबईला प्यायला जातं.

गोदावरीचं खरं देणं पाटात आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा कालवा निघतो. कालवा मुद्दाम मंद उताराने नेतात. पाणी जितकं उंच धरून न्याल, तितकी खालची जमीन भिजते. पण मंद पाणी गाळ टाकतं, गाळात गवत माजतं आणि पाणी आणखी अडतं. टेलचं रडगाणं इथूनच सुरू होतं.

हिशेब करून बघा. १ क्युसेक पाणी २४ तास चाललं तर साधारण २४.५ लाख लिटर होतं. एका पाळीला, म्हणजे पाणी घ्यायच्या एका वेळेला, शेतात ८ सेंटिमीटर पाणी धरलं, तर ३ हेक्टर भिजतं. वाटेत निम्मं पाझरलं तर दीडच.

त्यात डोंगळे, म्हणजे कालव्यातून चोरून पाणी ओढणारे पाइप. प्लास्टिकचा पाइप पाण्याने भरायचा, दोन्ही तोंडं दाबून कालव्याच्या भरावावरून पलीकडे टाकायचा आणि सोडायचा. मोटर नाही, वीज नाही, पाणी वाहतच राहतं. चार इंची पाइपात वेग सेकंदाला १ मीटर असला तरी ८ लिटर जातं. चार डोंगळे म्हणजे एक क्युसेकच्या वर! ज्याच्या शेतात ते पडतं त्याला ते थोडं वाटतं, टेलवाल्याची मात्र अख्खी पाळी जाते.

यावर इलाज दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर झालेला आहे. ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, आधी टेलला द्यायचं, मग वर सरकत यायचं. हेडवाल्याची, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी शेत असलेल्याची, पाळी शेवटी असली की चारी (कालव्यातून शेतांकडे जाणारा छोटा पाट) कुठे फुटली, डोंगळा कुठे पडला, यावर तोच नजर ठेवतो.

तेव्हा पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरलात की थांबू नका. आवर्तन (कालव्याला ठरावीक दिवस सोडलेलं पाणी) सुटायच्या आठ दिवस आधी आपल्या शेताकडे येणाऱ्या पोटचारीतलं गवत आणि गाळ काढा, आणि तोही टेलकडूनच काढत या.